बालवाडीच्या ताईंना, एका कंडक्टर आजोबांकडून

ताई,
सप्रेम नमस्कार.

नातीला वजाबाकीची गोडी लावल्याबद्दल आभार मानायला गेलो की तुम्ही ‘आजोबा, त्यात काय एवढं’ म्हणता आणि लगेच दुसरा विषय काढता. म्हणून हे लिहूनच काढतोय. चार लोकांनी वाचलं तर वाचू दे.

मी मुंबईच्या बेस्ट बसमध्ये ३२ वर्षं कंडक्टर होतो. लालबागचा माणूस. रात्री डेपोत पैसे भरताना माझा हिशेब कधी चुकला नाही (दोनदा चुकला, पण तो फाटक्या नोटांचा मामला होता, सोडा). अशा माणसाला साडेचार वर्षांच्या नातीला ‘पाचातून दोन गेले, उरले किती’ हे काही शिकवता येईना.

तुमच्याकडे यायच्या आधी ती दुसऱ्या एका नर्सरीत जायची. तिथून घरी वही यायची, पानभर गणितं. पाच, रेघ, दोन. ती मला विचारायची, ‘आजोबा, ही रेघ आडवी का झोपलीय?’ मी सरळ पंजा पुढे केला आणि दोन बोटं मिटली.

‘दोन गेली. राहिली किती?’

‘पाच.’

‘अगं, दोन गेली ना!’

‘कुठे गेली? ही काय, आत बसलीयेत.’

माझा आवाज चढला, ती रडली, आणि संध्याकाळी सूनबाई कामावरून आल्यावर मला काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही केवढ्या हसलात! म्हणालात, ‘तिचं बरोबरच आहे. मिटलेलं बोट गेलेलं नसतंच. गेलेलं खरंच जाऊ दे की.’ आणि मला दुसऱ्या दिवशी बालवाडीत बोलावलंत, येताना जुनी चामड्याची पिशवी घेऊन या म्हणालात.

तो दिवस मी विसरणार नाही. सतरंजीची बस. सहा पोरं दोन-दोनच्या रांगेत बसलेली, पुढे एक ड्रायव्हर तोंडाने घुर्रर्र करतोय, आणि मी खांद्याला पिशवी लावून उभा. टिंग टिंग, बस निघाली. भारतमाताचा स्टॉप आला, दोघं उतरली. उतरली म्हणजे खरंच उठून भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. तुम्ही लगेच मोजायला लावलं नाहीत, हे माझ्या लक्षात राहिलं. आधी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलंत. ‘आता बसमध्ये किती असतील?’ कोणी तीन म्हणालं, कोणी चार, एकजण शंभर. मग डोळे उघडून मोजणी. हिंदमाताला एक उतरला. दादर टीटीला बस रिकामी, ड्रायव्हरसुद्धा उतरला.

‘आता किती?’

सगळी ओरडली, ‘कोणीच नाही!’ फक्त आमची नात म्हणाली, ‘एक. आजोबा आहेत ना.’

मला वाटलं, तुम्ही तिला चुकीचं म्हणाल. तुम्ही म्हणालात, ‘अगदी बरोबर. आणि तिकीट काढलेले किती?’ तेव्हा ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘शून्य.’ वहीतल्या गोळ्याला ती तोवर लाडू म्हणायची.

पुढचे दोन आठवडे ती घरी जे काही खेळली ते तुमचंच. सात चिंचोके मोजून घ्यायचे, करवंटीखाली काही लपवायचे, बाहेर चार दिसतायत तर आत किती? हरली की करवंटी उचलून बघायची, जिंकली तरी उचलून बघायची. बाहेर गल्लीत पोरं कबड्डी खेळत होती तर गॅलरीतून मला विचारते, ‘सातातले दोन बाद झाले, मग पाचच का नाचतायत?’ मी म्हटलं, अगं तेच तर. वजाबाकी हा शब्द अजून तिला माहीत नाही. तुम्ही सांगितलंय, घाई नको, आधी वस्तू, मग चित्रं, रेघ सगळ्यात शेवटी.

मी तुमच्या चिंचोक्या-बुचांच्या डब्याचं कौतुक केलं तेव्हा तुम्ही ते श्रेय घेतलं नाहीत. म्हणालात, ही वाट बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांची आणि अनुताई वाघांची. १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला त्यांनी गावातल्या पोरांसाठी काम सुरू केलं, पुढे १९५७ पासून कोसबाडला. महागडी मॉन्टेसरी साधनं तिथे कुठून परवडणार? मग बिया, खडे, शंख-शिंपले, आजूबाजूला जे मिळेल ते. परळ-लालबागच्या खोलीत शिंपले नाहीत, पण चिंचोके आणि बाटल्यांची बुचं आहेत, असं तुमचं म्हणणं.

पण ताई, खरा धक्का वेगळाच होता. त्या दिवशी खेळ संपल्यावर तुम्ही सहज विचारलंत, ‘आजोबा, सुट्टे कसे द्यायचात हो तुम्ही?’ मी पिशवीत हात घालून दाखवलं. एसी बसचं १३ रुपयांचं तिकीट होतं तेव्हा, समोरच्याने २० ची नोट दिली की मी त्याच्या हातावर दोनचं नाणं ठेवायचो, ‘पंधरा’, मग पाचचं, ‘वीस’. झालं. तुम्ही म्हणालात, ‘म्हणजे तुम्ही वजा करतच नव्हतात. पुढे मोजत होतात.’

३२ वर्षं! वीसातून तेरा मी एकदाही वजा केले नाहीत, आणि नातीला मात्र बोटं मिटून दाखवत बसलो.

काल वाण्याकडे सात रुपयांची वस्तू घेतली, तिच्या हातात दहाचं नाणं होतं. वाण्याने रुपया-रुपयाची नाणी दिली, ती तिच्या तळहातावर पडत होती आणि ही मोठ्याने, ‘आठ, नऊ, दहा’. वाणी बघतच राहिला. मी काही बोललो नाही, नाक्यापर्यंत तसाच चालत गेलो.

सोबत एक पुडी पाठवतोय. तिच्या फ्रॉकच्या खिशात तुमच्या डब्यातले नऊ चिंचोके निघाले. पुडीत सहा आहेत. उरलेले कुठे आहेत ते ती सांगत नाही, म्हणते ताईंना ओळखू दे.

तुमचा,
कंडक्टर आजोबा