सर्व वादकांसाठी सूचना: टक्कर टाळा

मंडळी, बँडच्या संचलनात वळणावर पुन्हा टक्कर झाली. सूझाफोनचा, म्हणजे अंगाभोवती घालून वाजवायच्या मोठ्या पितळी वाद्याचा, कर्णा फिरला आणि शेजारच्या क्लॅरिनेटवाल्याची टोपी उडून थेट झांजांच्या मध्ये सापडली. सगळे पोट धरून हसलो, हसू येणारच. पण वाद्य ओठांना लावलेलं असताना धक्का बसला तर दात जातात.

उलटं चालताना टाचा वर, भार चवड्यांवर. पाऊल 22.5 इंचांचंच, म्हणजे 5 यार्डांत 8 पावलं. ट्रॉम्बोनवाल्यांनी स्लाइड (पुढे-मागे सरकणारी नळी) पूर्ण बाहेर येईल इतकं अंतर समोर ठेवावं. मोठ्या ड्रमवाल्यांना पुढचं दिसत नाही, तेव्हा बाकीच्यांनीच सांभाळावं. बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारा. कुणी पडलंच तर मागच्यांनी वळसा घालून पुढे जावं, वादन चालू ठेवावं.