चक्कीवाल्याचं गाणं

डब्लिन,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय सुध्या,

स. न. वि. वि. हे फोनवर सांगायला गेलो की तू मधेच पेटी काढून बसतोस आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून पत्र. शेवटी तुझ्याकडे एक काम आहे, ते वाचल्याशिवाय बाजूला ठेवू नकोस.

तुला चक्कीवाला आठवतो का रे? ‘ओकारिना ऑफ टाइम’ या व्हिडिओ गेममधला. काकारिको गावातल्या पवनचक्कीत ग्रामोफोनसारख्या यंत्राचं हँडल गरागरा फिरवत उभा असतो तो. गेम जपानात आला नोव्हेंबर १९९८ ला. आपल्यापर्यंत पोचायला पाच-सहा वर्षं गेली, आणि पोचला तोही तुझ्या खोलीतल्या पिवळ्या पडलेल्या कॉम्प्युटरवर. स्पीकर एकच चालायचा. तू चाल ऐकलीस आणि म्हणालास, “हा तर आमच्या दादांसारखा दळण दळतोय.” नंतर त्या चक्कीवाल्याचं जपानी नाव कळलं, गुरु-गुरु. गुरू-शिष्यातला गुरू नव्हे. जपानीत त्याचा अर्थ ‘गोल गोल’.

तर आमच्या हौशी वाद्यवृंदाने यंदा गेममधल्या गावांचं संगीत वाजवायचं ठरवलंय. इथे ते काही नवीन नाही म्हणा. १९९१ मध्ये ‘फायनल फँटसी ४’मधल्या नोबुओ उएमात्सूच्या चाली याच शहरात आयरिश वादकांना घेऊन रेकॉर्ड झाल्या होत्या, अरेंजमेंट मॉइरा ब्रॅटनाख या फिडलवादक बाईंची. माझ्या वाट्याला काकारिको आलं, आणि मी हट्टाने गावाची नेहमीची चाल सोडून चक्कीतली घेतली.

पहिला खर्डा ऐकला असतास तर हसून लोळला असतास. कॉम्प्युटरवर बावीस ओळींचा स्कोअर, तीन हॉर्न, व्हायोलिनचे लोंढे. हेडफोनमध्ये काय भारी वाटत होतं! दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकलं तर गाव कुठेच नाही, कुणाच्या तरी लग्नात वरमाला घालतानाचं म्युझिक वाटत होतं. कोजी कोंदोने ते संगीत एका कार्ट्रिजमध्ये, मोजक्या आवाजांत बसवलं होतं. आवाज कमी होते म्हणूनच चक्कीची खोली लहान वाटायची. मी भिंती पाडून तिथे मंगल कार्यालय बांधलं होतं.

मग काढत गेलो. उरले दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो, क्लॅरिनेट, टिन व्हिसल म्हणजे इथली पत्र्याची शिट्टी, आणि बाउरान. बाउरान म्हणजे आपल्या डफाचा चुलतभाऊ, बकरीच्या कातड्याचा. एका हातात आखूड काठी, दुसरा हात आतून कातड्यावर दाबून सूर वर-खाली करायचा. चेलोला फक्त षड्ज-पंचम धरायला लावले, मोकळ्या तारांवर. व्हिओलावाल्या बाईंना सांगितलं, गज घोडीच्या जवळ ओढा, आवाज जरा खरखरीत येऊ दे. झालं हँडलचं यंत्र तयार.

आता खरी गंमत ऐक. ही चाल पांढरी दोनची, म्हणजे तुझ्या पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर सा धरून. गेममधल्या ओकारिनाला, त्या फुंकून वाजवायच्या छोट्या वाद्याला, सूर पाचच: सा, कोमल ग, प, शुद्ध ध आणि तार सा. त्यामुळे कान आपोआप काफी रागाकडे जातो. चाल म्हणशील तर सा ग सां, सा ग सां, मग रें गं रें गं रें नी प. ग आणि नी कोमल, आणि लय तीनची, म्हणजे तुझा दादरा. पण इथली नेहमीची टिन व्हिसल पांढरी दोनची असली तरी बोलते शुद्ध ग, शुद्ध नी. कोमल ग हवा तर अर्धं भोक दाबायचं, आणि या वेगात तो सूर लिबलिबीत होतो. ‘रोल’ नावाची त्यांची जी हरकत आहे ना, एकाच लांब सुराला वरून आणि खालून बोटाचा टिचका देणं, ती तर तिथे बसतच नाही.

मी म्हटलं, हात्तिच्या! सगळे सूर शुद्ध असलेल्या बिलावलची रिषभावरून मूर्च्छना घेतली, म्हणजे रिषभालाच सा मानलं, की काफी. अख्खी चाल पांढरी तीनवर नेली, रात्री दोनपर्यंत जागून. रविवारी कागद वाटले आणि बोंब झाली. क्लॅरिनेटवाल्याला दोनाच्या जागी चार शार्प आले, त्याचं तोंड वाकडं. चेलोच्या मोकळ्या तारा गेल्या, कारण त्या पांढरी दोनला जुळतात, तीनला नाही. यंत्राची खरखरच निघून गेली. चेलोवाली पोरगी चांगली आहे, काही बोलली नाही, नुसती बोटांकडे बघत राहिली.

हे सगळं चालू असताना शिट्टीवाले आजोबा कोपऱ्यात चहा पीत बसलेले. सत्तरी उलटलेली, नोटेशन वाचत नाहीत. त्यांनी मला चाल तीनदा म्हणायला लावली, डोळे मिटले, आणि मग कोटाच्या आतल्या खिशातून दुसरी शिट्टी काढली, पहिलीपेक्षा बोटभर जास्त लांब. पांढरी एकची! तिच्यावर तीच बोटं, आणि चाल आपल्या जागी, पांढरी दोनवर. म्हणाले, “तू विचारलंच नाहीस.” सुध्या, दोन रात्रींचं काम मी तिथेच चुरगाळलं. जुने कागद गाडीत होते म्हणून वाचलो.

मग त्यांनी वाजवली. मी लिहिलेला प्रत्येक सूर तिथे होता आणि एकही मी लिहिल्यासारखा नव्हता. रोल कुठे घ्यायचे ते मी कागदावर खुणांनी दाखवलं होतं. त्यांनी भलतीकडेच घेतले आणि तिथेच ते शोभले. खुणा मी खोडून टाकल्या.

राहिला शेवट, आणि त्यासाठीच हे पत्र. गेममधली चाल संपत नाही, फिरून पहिल्यावर येते. कथाही तशीच आहे, आठवतंय ना? गेमचा नायक लिंक थोरला झाल्यावर हे गाणं चक्कीवाल्याकडून शिकतो, आणि चक्कीवाला म्हणतो, सात वर्षांपूर्वी एका ओकारिनावाल्या पोराने हे वाजवलं. ते पोर म्हणजे लिंकच. मग पहिल्यांदा ते कुणी रचलं? तू तेव्हा यावर पूर्ण दुपार डोकं खाल्लं होतंस.

माझ्या डोक्यात आलं ते असं: पोर गाणं वाजवतं तेव्हा चक्की वेडीवाकडी पळत सुटते आणि गावातली विहीर आटते. तेव्हा लय चढवत न्यायची आणि विहीर आटली की खाडकन थांबायचं. पण कागद बघून वाजवणाऱ्यांना लय एकत्र चढवताच येत नाही रे. आज दुसऱ्याच फेरीला चेलो एकीकडे आणि बाउरान एकीकडे. आजोबा मात्र एकटेच पुढे निघून गेले आणि मागे वळून बघेपर्यंत वाजवत राहिले.

तुमच्या भजनी मंडळात अभंग शेवटाला चढतो तेव्हा पखवाजवाला, टाळकरी आणि तू एका जागी कसे थांबता? कोण कुणाकडे बघतं? मान की हात? मला तेवढं नीट कळव. जमलं तर येत्या एकादशीला मोबाईल पेटीवर न ठेवता समोर खांबाला टेकवून ठेव, म्हणजे सगळ्यांचे चेहरे दिसतील. आवाज खराब आला तरी चालेल.

काकूंना नमस्कार. दादांची गिरणी अजून चालू आहे का, तेही लिही.

तुझा,
बंड्या