सूचना : अंतराळ मोहिमेसाठी खेळ निवडण्याबाबत

सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या भूमिका-खेळाची (प्रत्येकाने एका पात्राची भूमिका घेऊन फाशांच्या मदतीने कथा रंगवायची, तो खेळ) नवी मोहीम, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी कथा, स्पेस ऑपेरा प्रकारची, म्हणजे अंतराळातल्या भव्य साहसांची असेल. ती कोणत्या नियमावलीवर खेळायची, हे रविवारच्या बैठकीत ठरवायचे आहे. त्याआधी तीन पर्याय चाळून आपले मत शनिवारपर्यंत गटात कळवावे.

‘ट्रॅव्हलर’ १९७७ सालचा, तिघांत सर्वांत जुना. दोन फासे टाकायचे, त्यांत कौशल्याचे गुण मिळवायचे; बेरीज ८ किंवा जास्त आली की काम फत्ते. पात्र घडवणे हाच त्यातला एक स्वतंत्र खेळ आहे. पात्राच्या आधीच्या नोकरीची चार-चार वर्षे फाशांवर ठरत जातात, आणि मूळ आवृत्तीत तर पात्र मोहिमेआधीच दगावू शकते! यानाचे कर्ज, मालवाहतूक, इंधन यांत रमणाऱ्यांनी तो जरूर पाहावा. पण आपल्यातल्या बहुतेकांना साम्राज्यांची उलथापालथ हवी आहे, हिशेब नकोत.

‘स्कम अँड व्हिलनी’ वेगवान आहे. तीनपैकी एक यान निवडले की मोहिमेचा बाज ठरतो. टाकलेल्या फाशांवरचा सर्वांत मोठा आकडा ४ किंवा ५ असेल तर काम होते, मात्र काहीतरी गमावून.

‘स्टार्स विदाउट नंबर’ची एक आवृत्ती मोफत मिळते. त्यातले तक्ते वापरून संचालकाला (कथा रचून खेळ चालवणाऱ्याला) ग्रह, सत्तागट, कारस्थाने यांसह अख्खा तारकाप्रदेश उभा करता येतो. माझा कौल यालाच. मागची मोहीम संचालकावरच्या तयारीच्या ओझ्यानेच थांबली होती, ते पुन्हा व्हायला नको.

मत देताना किती महिने नियमित येऊ शकाल, तेही लिहावे.