तिमोरची रेघ आणि आपली तेरेखोल

संपादक महोदय,
ऑगस्ट आला की फाळणीवर लेख येतात, पंजाब, बंगाल, रॅडक्लिफ, आणि ते यायलाच पाहिजेत, पण गोव्यात आपण ते दुसऱ्याच्या घरातलं दुःख म्हणून वाचतो, हे मला खटकतं म्हणून लिहितोय.

मी पेडण्याचा. आजीचं माहेर आरोंद्याला, मधे फक्त तेरेखोल नदी. १७८८ साली पेडणे सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेलं तेव्हा इथल्या कुणाला विचारलं नव्हतं. पुढे १९५५ ला भारत आणि पोर्तुगीज गोव्यामधली हद्द बंद झाली, चवथ आली नि गेली पण आजीला माहेरी जाता आलं नाही. पलीकडचा काठ डोळ्यांना दिसायचा, हे ती मरेपर्यंत सांगायची.

आता इंडोनेशियाच्या टोकाकडचं तिमोर बेट बघा. १८४४ पर्यंत त्या बेटाचा पोर्तुगीज कारभार आपल्या गोव्यातून चालायचा, तरी आमच्या शाळेत त्याचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही. १८५९ ला डच आणि पोर्तुगिजांनी लिस्बनला करार करून बेट वाटून घेतलं, तेतुम बोलणारे दोन्ही बाजूंना राहिले. डचांचा भाग पुढे इंडोनेशियात गेला, आणि १९७५ ला इंडोनेशियाने पूर्वेकडच्या, पोर्तुगिजांच्या वाट्याच्या भागातही सैन्य घुसवलं. बेट एकच, माणसं एकच, रेघ गोऱ्यांची, मग ती पुसली तर बिघडलं काय, असं कुणालाही वाटेल. पण ३० ऑगस्ट १९९९ च्या मतदानात पूर्वेकडच्या ७८.५ टक्के लोकांनी इंडोनेशियापासून वेगळं व्हायचं ठरवलं. रेघ परक्यांनी ओढली होती खरी, पण तिच्या आत जे भोगलं ते त्यांचं स्वतःचं होतं ना!

आपल्याकडेही १६ जानेवारी १९६७ ला ओपिनियन पोल झाला, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा (निशाणी फूल) की वेगळा ठेवायचा (निशाणी दोन पानं) यावर. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. आमच्या आजोबांचं मत फुलाला, विलीनीकरणाला. ते हरले, पण गोंयकार म्हणूनच जगले आणि घरात पेपर शेवटपर्यंत मराठीच आला. म्हणून पोर्तुगिजांनी आखलेल्या हद्दीतलं गोंयकारपण खोटं असं कुणी म्हटलं की मला राग येतो, आणि मराठी बोलतो म्हणून तू पलीकडचा असं कुणी म्हटलं की तेवढाच येतो.

येत्या ३० ऑगस्टला तिमोरवर एक पान द्या, एवढी विनंती.

– एक वाचक, पेडणे