पँटचा नंबर म्हणजे कमरेचा घेर नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरच्या घरी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते दाखवणारा आकडा, कसा काढावा, हा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. वजन किलोत घ्यायचे, उंची मीटरमध्ये घ्यायची आणि उंचीच्या वर्गाने वजनाला भागायचे, हे त्यात नीट सांगितले आहे. कमरेचा विषय मात्र ‘घेरावरही लक्ष ठेवावे’ एवढ्या एका ओळीत आटोपला आहे. मी शिंपी आहे. टेप गळ्यात असते तोवर माझा दिवस चालू असतो. त्यामुळे त्या एका ओळीबद्दल लिहिल्यावाचून राहवले नाही.

कंबर किती, असे विचारले की बहुतेक पुरुष पँटचा नंबर सांगतात. तो आकडा पँट जिथे बसते तिथला असतो, आणि पोट सुटू लागले की पँट खाली सरकते. माझ्या मापांच्या वहीत हे स्पष्ट दिसते. एकाच गिऱ्हाइकाची जुनी-नवी पाने शेजारी ठेवली, तर पँटची कंबर वर्षानुवर्षे ३४ ची ३४ च राहिलेली असते. शर्टाच्या मापात ‘पोट’ म्हणून जो आकडा लिहितो, तो मात्र दर खेपेला वाढलेला असतो. पट्टा पोटाखाली गेलेला असतो आणि माणूस समाधानात असतो की कंबर काही वाढली नाही. तयार कपड्यांच्या लेबलवर तर मुळीच जाऊ नये. एकाच नंबरच्या दोन पँटी मोजून पाहा, बऱ्याचदा इंच-दीड इंचाचा फरक निघतो.

तब्येतीसाठी घ्यायच्या मापाची जागा वेगळी आहे. बरगड्यांच्या पिंजऱ्याची सर्वांत खालची कड कुशीत बोटांनी चाचपायची. मग त्याच बाजूला खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधायचा. या दोन्हींच्या बरोबर मधोमध पेनाने खूण करायची आणि तिथून टेप फिरवायची. कपड्यावरून नाही, उघड्या अंगावर. पाय जुळवून, हात सैल सोडून उभे राहायचे. श्वास नेहमीसारखा सोडून झाला की त्या क्षणी आकडा वाचायचा. टेप लागली की माणूस नकळत पोट आत ओढतो, हे मी रोज पाहतो. त्यासाठी मी गिऱ्हाइकाला बोलते करतो, बोलताना पोट आपोआप सैल पडते. घरी एकट्याने माप घेताना आणखी एक अडचण येते: टेप पाठीमागे खाली उतरते. आरशाला कूस करून उभे राहा आणि ती जमिनीला समांतर आहे का ते पाहा. ती अंगाला टेकलेली हवी, रुतलेली नको. आणि कापडी टेप जुनी झाली की ताणली जाते, मग घेर आहे त्यापेक्षा कमी दिसतो. तिची लोखंडी पट्टीशी एकदा गाठ घालून बघावी. माप दोनदा घ्यावे. सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा पहिल्यापासून.

दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, म्हणजे जवळपास साडेपस्तीस इंच, आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही धोक्याची रेषा मानली जाते. आकडे लक्षात राहत नसतील तर घेर उंचीच्या निम्म्याच्या आत ठेवावा.

बीएमआयबद्दलही एक सांगतो. पाच फूट पाच इंच उंची लोक ५.५ फूट अशी लिहितात आणि मोबाइलमध्येही तशीच भरतात. पण ५.५ फूट म्हणजे पाच फूट सहा इंच! ७० किलो वजनाच्या माणसाचा खरा बीएमआय २५.७ असताना या एका टिंबामुळे तो २४.९ दिसतो. जास्त वजनाची २५ ची रेषा ओलांडलेला माणूस कागदावर अलीकडे येतो. त्यात आपल्याकडे २३ च्या पुढेच जास्त वजन धरतात, हेही लेखात नव्हते. उंची अनवाणी, टाचा भिंतीला लावून, डोक्यावर पुस्तक आडवे धरूनच मोजावी. कॉलेजात असतानाची उंची उतारवयात धरू नये, वयाबरोबर ती कमी होते.

बीएमआयचे सूत्र बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केतले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले ते लोकसमूहांचा अभ्यास करताना. त्याला बीएमआय हे नाव १९७२ मध्ये अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी दिले. एकेका माणसाची चरबी कुठे साठली आहे, हे त्यातून कळत नाही. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशा माणसाचा बीएमआय बिनधोक येऊ शकतो. यकृत आणि आतड्यांभोवतीच्या ज्या चरबीने मधुमेह आणि हृदयविकार जवळ येतात, तिचा अंदाज टेपने लागतो. माझ्या वहीत अशी माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांची मला काळजी वाटते.

म्हणून विनंती, पुरवणीत घेर मोजण्याची रीत आकृतीसह स्वतंत्र चौकटीत छापावी. मुलांना आणि गरोदर स्त्रियांना हे आकडे लागू नाहीत, हेही त्याच चौकटीत यावे.

आपला,
एक शिंपी वाचक