मिस्त्रीकाका, लिफ्ट किट न बसवल्याबद्दल आभार

आदरणीय मिस्त्रीकाका,

स. न. वि. वि.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या तुमच्या गॅरेजातून तयार होऊन गेलेल्या आमच्या फोर-बाय-फोर गाड्या स्पिती आणि लडाख करून आपल्या चाकांवर परत आल्या. समोर येऊन आभार मानले तर तुम्ही पान्याकडे बघत ‘ऑइल बदलायला कधी आणताय?’ एवढंच विचाराल. म्हणून हे उघड पत्र. तुम्ही सांगितलेलं चार जणांच्या कामी येईल, हा दुसरा हेतू.

पहिले आभार नकाराबद्दल. गाडी दोन इंच उचलून हवी होती, तेव्हा तुम्ही जॉबकार्डाच्या मागच्या बाजूला प्रॉपेलर शाफ्टचं, म्हणजे इंजिनाची ताकद ॲक्सलकडे नेणाऱ्या दांड्याचं, चित्र काढलंत. गाडी उचलली की शाफ्टचा कोन वाढतो, त्याच्या टोकाचा क्रॉस (फिरता सांधा) लवकर वाजू लागतो, ब्रेकचा होज ताणला जातो आणि स्टीअरिंग आपसूक सरळ परतेनासं होतं. मोठ्या टायरचंही तेच. गिअरिंग उंच होतं आणि घाटात त्याची किंमत क्लच मोजतो. रिलेशिवाय (जादा करंट सांभाळणाऱ्या स्विचशिवाय) जोडलेली लाइटची पट्टी स्विच वितळवते, ते वेगळंच. कंपनीची गाडी कंपनीसारखीच ठेवली, तर स्पितीतल्या काझाच्या किंवा लेहच्या मिस्त्रीला ती ओळखीची वाटते आणि बोलेरोचा भाग बोलेरोला बसतो. हे पटायला आम्हाला वेळ लागला, खोटं कशाला बोला.

सगळ्यात मोलाचं म्हणजे पाट्यांचं, म्हणजे ॲक्सलवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं, ज्ञान. पाटा तुटतो असं सगळे म्हणतात, पण बहुतेक वेळा आधी पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सैल होतात. मग पाटे एकमेकांवर सरकतात, सगळा धक्का पाट्यांना मधोमध एकत्र धरणाऱ्या एकट्या सेंटर बोल्टवर येतो आणि तो कातरला जातो. ॲक्सल एका बाजूला मागे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. म्हणून नवे पाटे किंवा यू-बोल्ट घातल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरला आणि पुन्हा पाचशेला, गाडी चाकांवर उभी असताना, नट आलटूनपालटून समोरासमोरचे आवळायचे. संशय आला तर पुढच्या चाकाच्या हबपासून मागच्या चाकाच्या हबपर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावायची. स्टीअरिंग सरळ असताना दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. पूर्ण सामान भरून कसारा घाट चढून-उतरून यायचा तुमचा नियमही यातूनच आलेला. रिकाम्या गाडीवर पाटे खरं बोलत नाहीत.

दुसरं, ब्रीदर. डिफरन्शिअलच्या (ॲक्सलमधल्या, दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) डोक्यावरची, हवा आत-बाहेर जाऊ देणारी ही बोटभर वस्तू चिखलाने बुजली, तर गरम हाउसिंग थंड ओढ्यात शिरताच आतली हवा आकसते, पोकळी तयार होते आणि ऑइल सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. मग ८०डब्ल्यू-९० ऑइल दुधाळ होतं आणि बेअरिंग मुक्कामानंतर गंजू लागतं. उपाय दोन मीटर होज आणि दोन क्लिप. ब्रीदरला पाइप जोडून तो बॉनेटखाली उंचावर नेऊन बांधायचा. पाण्यातून आल्यावर संध्याकाळी लेव्हल प्लग जरा सैल करून बोटाला लागलेल्या ऑइलचा रंग बघायचा आणि क्रॉसमध्ये चारही कपांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस गन मारायची. स्पितीच्या वाटेवरच्या ग्रांफू ते बातल पट्ट्यातल्या नाल्यांना हिमनदीचं पाणी असतं, ते उन्हासोबत चढतं. म्हणून सकाळी लवकर पार व्हायचं. इंजिनाने पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली गाडी पाण्यात पुन्हा स्टार्टर मारून बघायची नाही, हे तुम्ही तीनदा बजावलंत.

रेडिएटरचं झाकण बदलायला सांगितलंत तेव्हा काहींना ती दुकानदारी वाटली होती. माफ करा. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो आणि पाणी ८२-८३ अंशांनाच उकळतं. कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारा थर्मोस्टॅट उघडतो साधारण त्याच तापमानाला. झाकणाचं रबर मेलेलं असेल तर सिस्टिममध्ये दाब टिकत नाही आणि चढावर कूलंट उकळून बाहेर फेकलं जातं. पंप चांगला, फॅन चांगला, तरी गाडी तापते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं, नळाचं पाणी नाही.

टायरचंही गणित तसंच. इथे ३२ पीएसआय भरलेला टायर त्या उंचीवर बाहेरचा दाब घटल्यामुळे सुमारे सात जास्त दाखवतो, थंडी त्यातले काही उतरवते. म्हणून हवा तिथेच, सकाळी, गाडी हलण्याआधी मोजायची. खडीवर २५-२६, वाळूत १८ पर्यंत. डांबर लागलं की पुन्हा भरायची. कोरड्या डांबरावर फोर-हाय (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) लावायचं नाही, हे निराळं सांगायला नको.

खाडीच्या खाऱ्या हवेने अर्थच्या (बॅटरीपासून बॉडीला जोडलेल्या) वायरीखाली गंज धरतो, हे बाहेरगावच्या मिस्त्रीला सुचणार नाही. थंडीत बॅटरी आधीच अशक्त असते, त्यात अर्थ खराब. स्टार्टर नुसता टकटक करतो आणि माणूस बॅटरी विकत घेतो. बोल्ट काढून पॉलिश पेपर, वर पेट्रोलियम जेली.

डिझेलबद्दल थोडक्यात. जेरीकॅनमधलं डिझेल गाळूनच ओतायचं, फिल्टरच्या तळाचं पाणी दर दोन दिवसांनी सोडायचं, हिवाळ्यात तिथल्याच पंपाचं भरायचं. लडाखसाठी २०१९ मध्ये आलेलं हिवाळी डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं, आपल्याकडच्यात त्याआधीच मेण धरतं. फिल्टर बदलल्यावर हँड प्रायमरने हवा काढायची, कॉमन रेलच्या (नव्या डिझेल इंजिनातल्या सामाईक इंधन नळीच्या) हाय प्रेशर पाइपला मात्र हात लावायचा नाही.

एका बाबतीत आमचं-तुमचं जुळत नाही. सेन्सर आले आणि भरवसा गेला, असं तुम्ही म्हणता. पण विरळ हवेत टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा) आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) जे सांभाळतात ते जुन्या कार्बोरेटरला जमत नाही, तो काळा धूर ओकतो. डीपीएफबद्दलचं (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरबद्दलचं) तुमचं म्हणणं मात्र मान्य. रांगत्या वेगात आणि हीटरसाठी तासन्तास इंजिन चालू ठेवल्याने काजळी साठते, जाळायला मोकळा रस्ता मिळत नाही. खिशात इंजिनाचे बिघाड वाचणारा स्कॅनर ठेवला की डॅशबोर्डवरच्या दिव्याला घाबरायचं की नाही ते कळतं, एवढं आमच्याकडून शिका.

तुम्ही भरून दिलेली पिशवी तशीच आहे: दोन सेंटर बोल्ट, यू-बोल्टची जोडी, एक क्रॉस सर्क्लिपसह, वरचा-खालचा होज, सहा क्लॅम्प, डिझेल फिल्टर, लिटरभर गिअर ऑइल, व्हील नट, फ्यूज, बाइंडिंग तार, एम-सील. आणि जॅकखाली ठेवायचा फूटभर प्लायचा तुकडा, ज्याला आम्ही हसलो होतो.

आपले,
ठाणे-नवी मुंबईचे फोर-बाय-फोरवाले

ता. क. : नवा फॅन बेल्ट घातल्यावर जुना चांगला बेल्ट सीटखाली ठेवायला सांगितला होतात. एका गाडीतला सापडत नाही. तुमच्या बाकाखाली राहिला असेल तर बाजूला काढून ठेवा, येत्या रविवारी पाटे मोजायला येतोय तेव्हा नेतो.