हाडातली पोकळी भरण्यासाठी दाण्यांचा साठा: इंदूरकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या रुग्णसाहाय्य निधीतून यंदा सिरॅमिक अस्थिभरण दाण्यांचा कायमचा साठा उभा करायचे ठरले आहे. त्यासाठी इंदूर, महू, देवास आणि उज्जैन इथल्या मराठी कुटुंबांकडे मदत मागत आहोत. साठा अर्थातच सगळ्यांसाठी आहे; एम.वाय. (महाराजा यशवंतराव) रुग्णालयात खरगोन-बडवाणीकडून आलेल्या रुग्णाला तो आधी लागेल.

हे दाणे कुठे लागतात? दुचाकीच्या अपघातात नडगीच्या हाडाचे गुडघ्याकडचे टोक खचते. खचलेला पृष्ठभाग शस्त्रक्रियेत उचलून पातळीवर आणला की त्याच्या खाली पोकळी राहते. ती भरली नाही तर प्लेट-स्क्रू लावूनही पृष्ठभाग पुन्हा बसण्याची भीती असते, आणि मग सांधा लवकर झिजतो. लहान मुलांच्या हाडातली सिस्ट (पाण्यासारख्या द्रवाची पोकळ गाठ) खरवडून काढल्यावर, किंवा जुन्या अस्थिसंसर्गातले मेलेले हाड काढल्यावरही अशीच पोकळी उरते.

भरण्यासाठी सर्वांत उत्तम रुग्णाचे स्वतःचे हाड, यात आजही वाद नाही. पण कमरेच्या पुढच्या काठावरून प्रौढ माणसाचे साधारण 10-20 सीसीच (घन सेंटिमीटर) मिळते, मुलांचे त्याहून कमी, आणि काढल्या जागी दुखते ते वेगळे. मोठ्या पोकळीत म्हणून स्वतःचे हाड आणि सिरॅमिक दाणे मिसळून घालतात. दाणे स्वतः हाड तयार करत नाहीत. वेलीला मांडव लागतो तसे नव्या हाडाला ते चढायला जागा देतात. त्यासाठी दाण्यातली छिद्रे एकमेकांना जोडलेली आणि साधारण 100 ते 500 मायक्रॉनची (मिलिमीटरचा दहावा भाग ते अर्धा मिलिमीटर) हवीत, म्हणजे रक्तवाहिन्या आत शिरतात.

आम्ही दोनच प्रकारचे दाणे ठेवणार आहोत. पहिले बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचे; ते साधारण सहा महिने ते दीड वर्षात विरघळून जागा हाडाला देतात, म्हणून मुलांसाठी तेच. दुसरे मिश्र, 60 टक्के हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट आणि 40 टक्के ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट फार सावकाश विरघळते, त्यामुळे सांध्याखालच्या पोकळीत आकार टिकतो. त्यांच्या जोडीला संसर्ग झालेल्या हाडासाठी कॅल्शियम सल्फेट. याच कुळातले प्लास्टर ऑफ पॅरिस हाडात भरल्याची नोंद जर्मनीत ड्रेसमन यांनी 1892 मध्ये केली होती. त्यात अँटिबायोटिक मिसळून मणी करता येतात. मात्र ते एक ते तीन महिन्यांत विरघळते, बहुतेक वेळा हाड भरण्याच्या आधीच. आणि या काळात जखमेतून पाण्यासारखा स्राव येऊ शकतो. तो पू समजून घाबरू नये, पण डॉक्टरांना दाखवल्याशिवायही राहू नये. बायोअ‍ॅक्टिव्ह काच, म्हणजे हाडाला चिकटणारे काचेचे दाणे, चांगली असूनही सध्या घेणार नाही. प्रकार वाढले की पाकिटे मुदत संपून वाया जातात.

आता साठाच का हवा, रुग्णाला पैसे देऊन का भागत नाही, ते सांगतो. पोकळीचे माप आधी काढता येते: लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि निम्मे करायचे. 3 सेंमी व्यासाच्या गोल पोकळीला सुमारे 14 सीसी लागतात, 4 सेंमीला 33, 5 सेंमीला 65. व्यास एकाच सेंटिमीटरने वाढला तरी दाणे दुपटीच्या आसपास लागतात. एक्स-रेत हाड थोडे मोठे दिसते, म्हणून माप शक्यतो सीटी स्कॅनवरून घ्यावे. तरीही खरवडून झाल्यावर पोकळी अंदाजापेक्षा मोठी निघते. त्या वेळी मांडीला टुर्निके (रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा) बांधलेला असतो, तो साधारण दोन तासांत सोडावा लागतो, आणि नातेवाईक चिठ्ठी घेऊन दुकाने पालथी घालत असतात. मग दहा सीसीच्या जागी पाच सीसी पसरून टाके घातले जातात. अर्धवट भरलेल्या पोकळीत रिकामी जागा राहते आणि हाड तिथेच अडते.

म्हणून आमचा नियम असा राहील: मोजलेल्या गरजेपेक्षा एक पाकीट जास्त थिएटरात जाईल आणि न फोडलेले पाकीट त्याच संध्याकाळी साठ्यात परत येईल. फोडलेले पाकीट परत घेणार नाही. ते पुन्हा निर्जंतुक करून वापरणे चूक आहे. वेष्टनावरचे लॉट क्रमांकाचे स्टिकर रुग्णाच्या कागदांत चिकटवलेच पाहिजे.

पहिल्या टप्प्यात हवे आहेत: ट्रायकॅल्शियम फॉस्फेटची 5 सीसीची 20 पाकिटे, मिश्र दाण्यांची 10 सीसीची 10 पाकिटे आणि कॅल्शियम सल्फेटचे 10 सीसीचे 6 संच. खरेदी मंडळ तीन दरपत्रके मागवून करील. रोख रक्कम कोणाच्याही हाती दिली जाणार नाही. ज्यांचे आयुष्मान कार्ड आहे त्यांचे काम आधी त्यातून होते का ते पाहू. त्यात न बसणारी सामग्रीच निधीतून जाईल.

पाकिटे थेट देणाऱ्यांना विनंती: दातांच्या कामाचे उरलेले दाणे देऊ नका. ते बहुधा एक मिलिमीटरच्या आतले असतात, मोठ्या पोकळीत दाटून बसतात आणि रक्ताला वाट उरत नाही. ओल लागलेले वेष्टन किंवा एक वर्षाहून कमी मुदत असेल तर तेही नको.

पैशाइतकीच माणसांची गरज आहे. सिरॅमिक ठिसूळ असते, भार पेलत नाही. प्लेट असली तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत पाय टेकायचा नसतो, आणि इथेच केलेले काम बिघडते. घरी गेलेला रुग्ण बरे वाटले की चालू लागतो, विडी-सिगारेट सोडत नाही, मधुमेहाची गोळी चुकवतो. सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने आणि एक वर्ष अशा चार तपासण्यांना रुग्णाला आणून सोडणारे स्वयंसेवक हवेत. पहिल्या एक्स-रेत दाणे वेगळे आणि त्यांच्या कडेने काळी रेघ दिसते. पुढे ती रेघ पुसट होत गेली तर हाड जुळत आहे. मिश्र दाणे वर्षानुवर्षे पांढरे दिसतात, तो बिघाड नव्हे. हे रुग्णाला शांतपणे समजावणाऱ्या निवृत्त परिचारिका मिळाल्या तर फार मोठे काम होईल. घरात पडून असलेल्या कुबड्या, वॉकर, पाय उंच ठेवायच्या उशा याही द्याव्यात. वॉकरचे रबरी बूट झिजले असतील तर आम्ही बदलून घेऊ.

देणगी धनादेशाने किंवा बँकेतून मंडळाच्या नावे द्यावी आणि सोबत ‘अस्थिभरण निधी’ असे लिहावे, म्हणजे ती दुसऱ्या खात्यात जाणार नाही. पावती लगेच मिळेल. साठ्याची वही, म्हणजे कोणते पाकीट कधी आले, कुठे गेले, परत आले का, मंडळाच्या कार्यालयात कोणत्याही देणगीदाराला पाहता येईल. रुग्णाचे नाव मात्र तीत नसेल.

आपली,
रुग्णसाहाय्य समिती, इंदूर